बंबवाल्यांची शाळा

मराठी शिकविण्याचा धंदा पत्करून मला आता वीस वर्षे होत आली. घर अकोल्याला आणि कॉलेज अमरावतीला, त्यामुळे त्यांतली बरीचशी वर्षे अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा या तीन स्टेशनांच्या दरम्यान गेली असे म्हटले तरी चालेल. एवढ्या काळात अभ्यासक्रम बदलले, पोरांचे कपडे आणि केस बदलले. पण म्हणींच्या तासाला हशा पिकतो तो ठरलेल्या जागीच. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण फळ्यावर लिहिली की मागच्या बाकावरून कोणीतरी पुरवणी जोडतोच, "अन् सर, पाणी कोंडेश्वरी!" बडनेऱ्याजवळचा कोंडेश्वर आमच्या पोरांना रामेश्वराहून जवळचा. वर्ग खोखो हसतो, मीही हसतो आणि तास पुढे सरकतो.

आगीच्या म्हणी आपल्या भाषेत पुष्कळ. 'गाव जळे आणि हनुमान बाहेर' ही एक, 'आगीतून फुफाट्यात' ही दुसरी. फुफाटा म्हणजे काय हे हल्लीच्या, गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलांना समजावून सांगावे लागते. चूल विझली असे वाटते, वर राखेचा थर असतो आणि खाली निखारा निपचित पण जिवंत पडलेला असतो. त्यावर एकदा पाय पडला म्हणजे शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. या सगळ्या म्हणींत मौज अशी की, त्यांत आग आहे, बंब आहे, राख आहे, हनुमानसुद्धा आहे. आग विझवणारा माणूस तेवढा कुठेच नाही. तो माणूस कसा घडतो हे पाहण्याचा योग मला एका आईमुळे आला.

बी.ए. झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याची ही आई. नवरा जिनात हमालीला आणि ती स्वतः दोन घरी स्वयंपाकाला. जूनमधल्या एका दुपारी ती कॉलेजात आली, शिक्षकांच्या खोलीबाहेर चप्पल काढून उभी राहिली, आणि मी बसा म्हटले तरी बसेना.

"सर, तुमीच समजावून सांगा त्याले," ती म्हणाली. "थो बंबावर जातो म्हंते. सहा महिने मुंबईले शिकाले जातो म्हंते. मी एवढं शिकवलं ते काय आगीत उड्या माराले?" मग जरा थांबून हळूच म्हणाली, "त्या कामात जीव जाते का, सर? खरं सांगजा."

पोराला समजावणे सोपे होते. मास्तरकीच्या नोकरीत उपदेश नेहमी शिल्लकच असतो. पण तिचा दुसरा प्रश्न उपदेशाने सुटण्यातला नव्हता. मी म्हणालो, "ताई, मला पंधरा दिवस द्या. नीट पाहून येतो, विचारून येतो, मग सांगतो." ती मान हलवून गेली, आणि त्यानंतरचे दोन रविवार मी बंबखान्यात घालवले. माझ्या या दोन्ही गावांत बंबखाना महापालिकेचा. अमरावतीची महापालिका १९८३ सालची आणि अकोल्याची २००१ सालची. या खात्यातच केस पांढरे केलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची गाठ पडली आणि त्यांनी माझी शिकवणी घेतली. म्हणजे त्या पंधरा दिवसांत विद्यार्थी मी होतो.

पहिली गोष्ट कळली ती ही की, या शाळेत प्रवेश मिळणे आमच्या कॉलेजच्या प्रवेशाहून अवघड आहे. आपल्या राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला, विद्यानगरीत आहे. अग्निशामकाचा अभ्यासक्रम तिथे सहा महिन्यांचा. दहावी पास झालेला मुलगा चालतो. पण पुरुष उमेदवारासाठी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर अधिक, अशी मोजमापे रूढ आहेत. आणि त्या माउलीने ऐकलेली उडीची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. मुंबईच्या दलाच्या भरतीत १९ फूट उंचीवरून, खाली ताणून धरलेल्या चादरीत उडी मारून दाखवावी लागते. ही उडी आगीत शिरण्याची नव्हे. ती पाहते एवढेच की, वरून खाली पाहताना पोराचे पाय त्याचे ऐकतात की नाही.

सहा महिने हे लोक करतात तरी काय? मी पाहिली ती आमच्याकडची कवायत, पण तिचे धडे तेच. सकाळी आवारात आठ-दहा तरुण ओळीने उभे होते. शिट्टी झाली. दोघे गुंडाळलेली नळी घेऊन धावले. तिला ते 'होज' म्हणतात. जमिनीवर ती सतरंजीसारखी उलगडत गेली, एक टोक पंपाला जोडले, दुसऱ्या टोकाला पितळी तोटी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'ब्रँच' बसली, आणि हात वर होताच पाणी आले. एवढेच. पण हे एवढेच त्यांनी माझ्यासमोर अकरा वेळा केले. प्रत्येक वेळी अधिकारी घड्याळाकडे पाही, आणि प्रत्येक वेळी कोणाचे तरी काहीतरी चुके. एकाने जोड फिरवण्याआधी मागे वळून पाहिले, दुसऱ्याने नळीला पीळ पडू दिला. पीळ पडला की पाणी अडते. त्या नळीचा व्यास ६३ मिलिमीटर, एका तुकड्याची लांबी १५ मीटर. मी घरी येऊन हिशेब केला. अशा एका तुकड्यात पाणी भरले की नुसत्या पाण्याचेच वजन ४६-४७ किलो होते. भरलेली नळी ओढणे म्हणजे आडदांड पोत्याशी कुस्ती. म्हणून ती रिकामी असतानाच जिथे हवी तिथे पोचली पाहिजे. त्यातून पाण्याचा दाब असा की, तोटी धरणाऱ्याला ती मागे रेटते. त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस खांदा देऊन उभा असतो. एकट्याने करावयाचे काम या शाळेत जवळजवळ नाहीच.

मग शिडी. मग दोर. दोराच्या गाठी शिकताना मला वऱ्हाडी माणसाला गंमत वाटली, कारण आमच्याकडे गाठी म्हटले की डोळ्यांपुढे रुईच्या गाठी येतात. येथे मात्र गाठ म्हणजे बेशुद्ध माणसाला खिडकीतून खाली सोडण्यासाठी बांधलेला दोराचा पाळणा; 'चेअर नॉट' त्याचे नाव. ही गाठ उजेडात बांधता आली म्हणजे पुरत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून, हातांत जाड मोजे घालून ती बांधता यावी लागते. "सर, धुरात डोळे नसतातच," निवृत्त साहेब म्हणाले, "तिथं बोटांनाच पाहावं लागतं."

धुराचा धडा हा या विद्येचा गाभा आहे. आगीत माणसे जळून मरतात असे आपण समजतो. पुष्कळदा ती ज्वाळा पोचण्याआधीच धुराने गेलेली असतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंग, वास काही न दाखवता रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. म्हणून शिकाऊ जवानाला धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत सोडतात. आत आडव्यातिडव्या वाटा, पायऱ्या, बोळकांडी. पाठीवर कोंडलेल्या हवेचे सिलिंडर, तोंडावर मुखवटा. गुडघ्यांवर रांगत, एक हात भिंतीला ठेवून जावयाचे. भिंत सोडली की वाट गेली. जोडीदार सोडला की आपण गेलो. पुढे चाचपायचे ते तळहाताने नव्हे, हाताच्या पाठीने. कारण विजेची उघडी तार तळहाताला लागली तर मूठ आपोआप मिटते आणि सुटत नाही. असे बारीकसारीक शंभर धडे. ते वहीत उतरवून घेण्याने येत नाहीत, अंगात उतरवावे लागतात.

तिथला एक हिशेब मला फार शिकवून गेला. सहा लिटरच्या सिलिंडरात दाबून भरलेली हवा मोकळी केली तर साधारण १८०० लिटर होते. काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असे धरले तर ती ४५ मिनिटे पुरते. पण घाबरलेला माणूस धापा टाकतो, आणि त्याची ४५ मिनिटे पंचवीसवरही येतात. म्हणजे भीतीची किंमत तिथे मिनिटांत मोजतात. सुमारे दहा मिनिटांची हवा उरली की पाठीवरचे यंत्र शिट्टी घालते. ती शिट्टी वाजली की परत फिरायचे. समोर दार दिसत असले तरी, आतून हाक ऐकू येत असली तरी, जोडीदारासह परत फिरायचे आणि ताज्या हवेचा दुसरा जवान आत जायचा. दाराशी एक माणूस फळ्यावर लिहीत असतो, कोण कधी आत गेला आणि त्याने कधी बाहेर यावे. त्या फळ्यावरच्या नावाचा माणूस वेळेवर आला नाही तर त्याला आणायला माणसे तयार उभी असतात.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. धाडस शिकवणारी ही शाळा असेल असे मनात धरून मी गेलो होतो. धाडस तर पोरे घरूनच घेऊन येतात; विशीत ते कोणाजवळ नसते? ते आवरावे कसे, कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या क्षणी, हे शिकवण्यात त्या सहा महिन्यांतला मोठा भाग जातो.

ही विद्या नवी नाही. ब्रिटनमध्ये तिचा पाया घालणारा जेम्स ब्रेडवुड १८२४ साली एडिंबरोच्या बंबखान्याचा प्रमुख झाला. त्याने माणसे निवडली ती गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे आणि छपरे शाकारणारे अशी. कारण उघड होते. घर कसे बांधतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते कुठून कोसळेल हे कळणार. त्यांची कवायत तो पहाटे, अंधारात घेई. १८३० साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिले, पुढे तो लंडनला गेला. आणि २२ जून १८६१ रोजी लंडनच्या टूली स्ट्रीटवर, ताग, अंबाडी आणि कापूस यांनी भरलेल्या वखारींच्या आगीत, एक भिंत अंगावर पडून तो गेला. आग पुढे दोन आठवडे धुमसत राहिली.

ताग, अंबाडी आणि कापूस हे शब्द वाचताच वऱ्हाडी माणूस कान टवकारतो. त्याच १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस बंद पडला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. आगगाडी आली, जीन आले, प्रेस आले, अमरावती, अकोला, खामगाव येथल्या पेठा फुगल्या. ती संपत्ती कशाची होती? अगदी पेटायला टेकलेल्या वस्तूची. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांची दुपार, हवेत तरंगणारा कापसाचा तंतू आणि जिनाच्या दातांत एखादा खडा सापडून उडालेली ठिणगी. एवढे साहित्य पुरते. मोकळा कापूस भडकतो तो डोळ्यांना दिसतो, त्याला पाणी मारता येते. दाबून बांधलेली गाठ मात्र वेगळी चीज. ठिणगी तिच्या पोटात शिरली की ती भडकत नाही, धुमसते. वरून पाणी मारा, गाठ थंड दिसते. दोन दिवसांनी तीच गाठ पुन्हा पेटते. आमच्या म्हणीतला फुफाटा तो हाच. म्हणून गाठींच्या आगीत बंबवाला वरची ज्वाळा विझवून घरी जात नाही. तो गाठी ओढून वेगळ्या काढतो, पट्ट्या तोडतो, पोट उघडतो, भिजवतो आणि पुन्हा पहाऱ्याला बसतो. आग विझवण्याइतकीच ती विझली की नाही हे ओळखण्याची विद्याही त्याला शिकावी लागते.

हा फुफाटा काय करू शकतो, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्या शेजारी कराचीला चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८७०० गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचे लोट आत सोडले गेले. पण गाठींच्या थप्पीत आग नेमकी कुठे धुमसते आहे, ते त्या धुरात सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. त्या दिवशी शेकडो माणसे गेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. जहाजावर काय भरले आहे हे कळल्यावरही ते तोटी धरून उभे राहिले होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि त्या दिवसापासून आठवडाभर गावोगावी प्रात्यक्षिके होतात. आपण ती जाता जाता पाहतो. यापुढे मला तरी ती उभे राहून पाहावी लागतील.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचे मोठे पीठ आपल्याच विदर्भात आले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला निघाले आणि १९५७ साली ते नागपूरला आले. देशभरचे अधिकारी येथे घडतात. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर. इतक्या जवळच्या या संस्थेचे नाव आमच्या किती घरांत ठाऊक असेल? मुलगा इंजिनियर व्हावा म्हणून दिवे लावणाऱ्या आयांना, येथे आगीच्या इंजिनियरिंगची पदवीही मिळते, हे कोणी सांगत नाही. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर या मुलीने तेथे प्रवेश घेतला, तेव्हा त्या महाविद्यालयात शिकणारी ती पहिली मुलगी होती. इतरांनी उचलायची तीच शिडी, ओढायचा तोच होज तिनेही हाताळला, आणि आपल्या देशातली पहिली स्त्री अग्निशामक म्हणून आज तिचे नाव घेतात.

पुस्तकातला एक साधा नियम आमच्या मातीत आला की कसा वेगळा होतो, तेही साहेबांनी दाखवले. पंप पाणी ओढतो म्हणजे खरे पाहता हवेचा दाब ते वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटर उचलील. प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फुटांपलीकडे भरवसा नाही. आता आमच्या उन्हाळ्यातल्या विहिरी पाहा. पाणी चाळीस फुटांखाली गेलेले. तिच्या काठावर लाखो रुपयांचा बंब उभा केला तरी तो थेंब ओढू शकत नाही. तेव्हा इथल्या जवानाला आपल्या गावाचे पाणी पाठ लागते. कोणती टाकी भरलेली असते, कुठल्या हौदापर्यंत गाडी जाते, कोणत्या गल्लीत वळण घेता येत नाही. गावाची ही उजळणी त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि ती पेन्शनीत जाईपर्यंत संपत नाही. कारण गाव दर महिन्याला बदलते. काल मोकळी असलेली बोळ आज कोणाच्या तरी ओट्याने अडलेली असते.

इतके सगळे शिकून, इतके सगळे पाळून, जीव जातोच का? तिच्या प्रश्नाला बगल देण्याचा मला अधिकार नव्हता. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. दलाने आतल्या रहिवाशांना बाहेर काढले. आग विझवण्याचे काम चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यात गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे पुढे इस्पितळात त्याच महिन्यात गेले. हे चौघे काही नवशिके नव्हते. या खात्यातली सगळी विद्या त्यांच्यापाशी होती आणि ते सर्वांच्या पुढे उभे होते.

पंधरा दिवसांनी ती आई आली तेव्हा मी तिला हे चौघेही सांगितले आणि ६६ जणही सांगितले. मग शिट्टी सांगितली, भिंतीवरचा हात सांगितला, आणि दाराशी उभा राहून नावे लिहिणारा माणूस सांगितला. म्हणालो, "ताई, जीव जातो. खोटं सांगणार नाही. पण तिथं जीव वाचवायला शिकवतात आणि त्यात पहिला स्वतःचा. एकट्याला आत सोडत नाहीत. आत गेलेल्याचं नाव बाहेर लिहिलेलं असतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिनात त्याच्या बापाचं नाव कोनीच लिहीत नाही, सर. सकाळी जाते, संध्याकाळी आला तं आला." आणि जराशाने, "जाऊ द्या त्याले."

माझ्या सगळ्या अभ्यासापेक्षा तिचे हे वाक्य वजनदार होते. पोरगा सध्या सांताक्रूझला आहे. आई रोज रात्री फोनवर विचारते, जेवला का? आणि त्यानंतर विचारते, आज धुरात गेला होता का, आणि संगं कोन होतं? जोडीदाराचे नाव कळल्यावाचून ती फोन ठेवत नाही.

आता राहिलो आपण. ते सहा महिने शिकतात. आपण सहा मिनिटे तरी शिकतो का? राज्यात २००६ सालचा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. तो ज्यांना लागू होतो त्या इमारतींतली आगीपासून बचावाची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचा असतो. आपल्या मुलांच्या शाळेने, आपल्या मंगल कार्यालयाने तो दिला आहे का, हे आपण कधी विचारले? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या बातमीने आपण रडलो, आणि आठवड्याभरात जिन्याखाली पुन्हा जुन्या खुर्च्या रचल्या.

घरातले धडे तर अगदी थोडके आहेत. दिवाळीच्या दिवसांत ते पाठ असलेले बरे. चकल्या तळताना कढईने पेट घेतला तर तिच्यावर पाणी टाकू नका. पाणी तेलाहून जड, ते तळाशी जाते आणि क्षणात वाफ होते. एका लिटरची वाफ सतराशे लिटर होते, आणि ती पेटते तेल घरभर उडवते. गॅस बंद करावा, कढईवर ताट किंवा झाकण सरकवून घालावे, आणि ती थंड होईपर्यंत ते उचलू नये, कढई हलवू नये. अंगावरचा कपडा पेटला तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजलेल्या जागी वाहते गार पाणी वीस मिनिटे धरावे. हळद, शाई, दातांची पेस्ट, यांतले काही लावू नये. धूर दाटला तर खाली वाकून, रांगत बाहेर पडावे, दारे ओढून घ्यावीत आणि वस्तू आणायला परत जाऊ नये. १०१ हा आकडा लहान मुलालासुद्धा पाठ असावा, आणि त्यासोबत घराचा पत्ता खुणेसह सांगता यावा. कोणत्या देवळाजवळ, कोणत्या दुकानामागे, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. आधी घोकलेले असेल तरच ते तोंडातून निघते. बंबखान्यात अकरा वेळा नळी का उलगडतात, याचेही उत्तर हेच.

आणि एक गृहपाठ. मास्तरने लिहिलेला लेख, तेव्हा त्याशिवाय सुटका नाही. भाऊबीजेला पाहुणे जमतील, जेवणे होतील, पुरुषमंडळींना सुस्ती येईल. त्या वेळी मुलांना घेऊन आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जा. ट्रकएवढी गाडी इथून आत येईल का, ते पाहा. न आल्यास कशाने अडेल, ते मुलांकडून मोजवून घ्या. वाकडी लावलेली मोटार, दुकानाची पुढे आलेली फळी, मांडवाचा खांब आणि आपली स्वतःची स्कूटर. यांतली शेवटची वस्तू तरी त्याच दुपारी आपल्याला बाजूला घेता येईल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण घरी असतो, तेव्हा बंबखान्यातली पोरे बूट उशाशी ठेवून कामावर असतात. ती मिनिटाच्या आत निघतात. पुढची मिनिटे आपल्या गल्लीच्या हाती.